तिसऱ्या प्रयत्नाआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

राज्यसेवेची परीक्षा तिसऱ्यांदा द्यावी की घरच्यांचे ऐकून गावी परतावे, असे तू विचारले आहेस, आणि त्याच पत्रात ‘अधिकारी होणे ही आता माझी गरज आहे’ असेही लिहिले आहेस. मला तुझ्या प्रश्नापेक्षा या वाक्याची काळजी अधिक वाटते. एखादी गोष्ट गरज मानली की तिच्याबाबत निवडण्यासारखे काही उरत नाही, आणि तुला तर निवड करायची आहे.

गरजेला मोजमाप असते. आपल्या पुण्यातल्या गोखले संस्थेतील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या दारिद्र्याच्या अभ्यासात माणशी रोज २२५० कॅलरी हा आधार धरून किमान खर्च काढला. १९६०-६१च्या भावांनी तो खेड्यात महिना सुमारे १५ रुपये आणि शहरात सुमारे साडेबावीस रुपये येत होता. त्या निकषावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण वाद होऊ शकला तो गरज चारचौघांत मांडून तपासता येते म्हणूनच. तूही तुझी गरज अशीच कागदावर मांड: सदाशिव पेठेतल्या कॉटचे भाडे, मेस, अभ्यासिकेची फी, आणि लग्न केव्हा व कोणाशी करायचे हे स्वतः ठरवता यावे इतकी स्वतःची कमाई. या शेवटच्या बाबीत तू कोणाच्याही सांगण्यावरून काटछाट करू नयेस. मात्र ती कमाई लिपिकाच्या, बँकेतल्या किंवा खासगी नोकरीतूनही होऊ शकते. उपजिल्हाधिकारी होणे ही तुझी इच्छा आहे.

इच्छा असणे कमीपणाचे नाही. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्यूरसने इच्छांचे तीन वर्ग केले होते: नैसर्गिक व आवश्यक, नैसर्गिक पण अनावश्यक, आणि केवळ पोकळ समजुतीतून उपजलेल्या. तिसऱ्या वर्गाचे उदाहरण म्हणून मुकुट आणि सन्मानाचे पुतळे सांगितले जातात. लोकांची अडलेली कामे मार्गी लावावीत ही ओढ मी त्या वर्गात टाकणार नाही. गावच्या चौकात आपल्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागावा ही ओढ मात्र टाकीन. तुझ्या मनात दोन्ही असणार, आणि त्यांचे प्रमाण तुलाही नीट ठाऊक नसेल. म्हणून अशी कल्पना कर की तुझी निवड झाल्याचे कोणालाही कळणार नाही, आणि दूरच्या तालुक्यात फेरफाराच्या अपिलांच्या सुनावण्या, पाणीटंचाईच्या बैठका आणि मंत्र्यांचे दौरे यांत तुझे दिवस जाणार आहेत. तरीही ते काम हवेसे वाटले, तर ती इच्छा जपण्याजोगी आहे.

आता आपल्याला जे ठाऊक नसते त्याविषयी. क्लासच्या फलकांवर निवड झालेल्यांचे फोटो असतात. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत असताना, परत गेलेल्यांचे फोटो कुठेच दिसत नाहीत. हे अज्ञान तुला दूर करता येईल. तुझ्याच अभ्यासिकेतून दोन-तीन प्रयत्नांनंतर बाहेर पडलेल्या दोघी शोध, त्या आज काय करतात आणि ती वर्षे त्यांना कशी वाटतात ते विचार. ऐकायला जड जाईल म्हणून हे टाळलेस, तर ते अज्ञान तू स्वतःहून पत्करलेले असेल, आणि त्यावर उभा राहिलेला निर्णय मी तुझा म्हणणार नाही.

पुढच्या वर्षीचा पेपर कसा निघेल, चाळिशीत तुला काय हवेसे वाटेल, हे मात्र आज कोणालाच कळू शकत नाही. इ.स.पू. ३९९ मधल्या खटल्यात सॉक्रेटिसने कारागिरांबद्दल सांगितले होते की त्यांना आपली कला खरोखर येत होती, पण तेवढ्यावरून इतर मोठ्या गोष्टीही आपल्याला कळतात असे ते मानत. राज्यघटना उत्तम शिकवणारे शिक्षक ‘तू होणारच’ असे ठामपणे सांगतात, तेव्हा त्यांचा हेतू चांगलाच असतो, परंतु ते आपल्या विषयाबाहेर गेलेले असतात. माझेही तेच आहे, म्हणून परीक्षा दे किंवा देऊ नकोस असे मी लिहीत नाही.

प्रयत्न करायचे ठरवलेस तर तो कोणत्या महिन्यात थांबवायचा आणि दरम्यान कमाईचा कोणता मार्ग चालू ठेवायचा, हे अर्ज भरण्याआधीच लिहून ठेव. निकालाच्या आठवड्यात असा विचार सुचत नाही. त्या दोघींशी बोलणे झाले आणि खर्चाचा कागद तयार झाला की मला कळव. वडिलांना भेटायला मी तुझ्याबरोबर येईन, पण निर्णय त्यांना तू स्वतः सांगायचास.

तुझा,
काका