शरीरसंबंधांना दिलेली संमती ही गर्भारपणालाही दिलेली संमती असते का?

आपला प्रश्न असा आहे : स्त्रीने स्वेच्छेने संबंध ठेवले असतील आणि त्यातून दिवस जाऊ शकतात हे तिला ठाऊक असेल, तर गर्भारपणालाही तिची संमती होती असेच मानायला हवे, मग गर्भपाताच्या वेळी ‘शरीर माझे आहे’ असे तिला कोणत्या आधारावर म्हणता येईल? माझ्या मते अशी संमती गृहीत धरता येत नाही, आणि ती दिली होती असे वादापुरते मान्य केले तरी पुढचे नऊ महिने ती मागे घेता येणार नाही, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

धोका ठाऊक असणे आणि त्यातून जे उद्भवेल ते पत्करणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. माणसे कंडोम प्रत्यक्षात ज्या प्रकारे वापरतात, त्या वापरात वर्षभरात शंभरातील सुमारे १३ स्त्रियांना गर्भधारणा होते. गर्भनिरोधक गोळ्यांच्या बाबतीत हा अंदाज सुमारे ७ आहे. हे जाणूनही जे जोडपे साधन वापरते, त्याने गर्भधारणा नको असल्याचे कृतीनेच सांगितलेले असते. गर्भधारणा टाळण्यासाठी ते जे करत होते, त्यालाच त्यांचा होकार ठरवणे मला न्याय्य वाटत नाही.

परंतु आपल्या प्रश्नातील खरा जोर संमतीवर नसून जबाबदारीवर आहे, आणि तो आक्षेप हलका नाही. एखाद्याला आपल्यावर अवलंबून राहावे लागेल अशा स्थितीत आपणच आणले असेल, तर आपण त्याचे काही देणे लागतो, हे मलाही मान्य आहे. प्रश्न आहे तो या देण्याची हद्द कोठे संपते हा. निष्काळजीपणे गाडी चालवून एखाद्याला जखमी करणाऱ्याकडून भरपाई घेता येते, त्याला तुरुंगात पाठवता येते. पण जखमी माणसाला रक्ताची गरज आहे आणि गट जुळतो म्हणून त्या चालकाला बळजबरीने झोपवून त्याचे रक्त काढले जात नाही. आईवडिलांवर मुलाच्या पालनपोषणाचे कायदेशीर बंधन असते, तरी मुलाचे मूत्रपिंड निकामी झाल्यास आपले एक द्या असा हुकूम त्यांना देता येत नाही. आपले अवयव घेऊ नयेत असे एखाद्याने हयातीत नोंदवून ठेवले असेल, तर मृत्यूनंतरही आपण तो नकार पाळतो. जो मान आपण मृतदेहालाही देतो, तो जिवंत गर्भवतीला नाकारायचा असेल तर त्याचे कारण द्यावे लागेल, आणि तिने संबंध ठेवले होते हे कारण मला पुरेसे वाटत नाही.

१९७८ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात असाच एक दावा न्यायालयापुढे आला होता. रक्ताच्या जीवघेण्या आजाराने ग्रासलेल्या एका माणसाला अस्थिमज्जेची गरज होती. नात्यातील एका भावाने सुरुवातीच्या तपासण्या करून घेतल्या, पण मज्जा जुळण्याची शक्यता दिसल्यावर पुढे जाण्यास नकार दिला. हा नकार नैतिकदृष्ट्या असमर्थनीय आहे असे न्यायाधीशांनी स्पष्टपणे म्हटले. तरीही सक्तीचा आदेश द्यायला ते तयार झाले नाहीत, आणि तो रुग्ण थोड्याच दिवसांत मरण पावला. हा निकाल वाचताना अस्वस्थ व्हायला होते, आणि तसे व्हायलाच हवे. एखादा नकार चुकीचा आहे असे म्हणण्याची मुभा आपल्याला आहे. त्यामुळे त्या माणसाच्या शरीरावर आपला ताबा येत नाही.

गर्भारपणात शरीराकडून नेमके काय मागितले जाते, हे अशा चर्चांमध्ये फार घाईने ओलांडले जाते. वारेच्या, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या अवयवाच्या, पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात आणि तेथील बारीक, पीळदार धमन्यांची भित्तिका बदलून त्या रुंद करतात, जेणेकरून मातेचे रक्त अखंड मिळत राहावे. शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळपास दीडपट होते, त्यामुळे हृदयाचे काम वाढते, आणि दिवस भरत आल्यावर गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जात असते. म्हणूनच प्रसूतीनंतर गर्भाशय नीट आकुंचन पावले नाही तर होणारा रक्तस्राव काही मिनिटांत जिवावर बेतू शकतो. महिनोन् महिने चालणाऱ्या अशा गोष्टीला दिलेली संमती एका रात्रीत कायमची देऊन टाकता येत नाही. ती टिकून असावी लागते.

यावर कोणी म्हणेल की मज्जा न देणे म्हणजे मदत नाकारणे होय, गर्भपात मात्र प्रत्यक्ष कृती आहे. माझ्या मताविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा हाच आहे. गर्भपातासाठी दिले जाणारे मिफेप्रिस्टोन हे औषध प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा परिणाम रोखते, म्हणजे गर्भाला धरून ठेवणारा आधार काढून घेते, आणि मिसोप्रोस्टॉल या दुसऱ्या औषधाने गर्भाशय आकुंचन पावते. त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांत ही कृती आधार काढून घेण्याच्या अगदी जवळची आहे. पुढच्या टप्प्यातील शस्त्रक्रियेबद्दल मी तसे म्हणणार नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी १९७१ मध्ये, गर्भ ही पहिल्यापासून पूर्ण व्यक्ती आहे असे वादापुरते मान्य करूनही, स्त्रीचा हक्क शिल्लक राहतो असे प्रतिपादन केले. पण वेगळे होण्याचा हक्क म्हणजे गर्भाच्या मृत्यूची हमी मागण्याचा हक्क नव्हे, हेही त्यांनी स्वच्छपणे सांगितले. साधारण २४ आठवड्यांच्या सुमारास, अतिदक्षतेच्या साहाय्याने, बाळ बाहेर जगण्याची शक्यता निर्माण होते, आणि तेथून पुढे गर्भारपण संपवणे व गर्भाचे जीवन संपवणे या दोन गोष्टी एकच राहत नाहीत. गर्भ निरोगी असेल आणि त्याला जिवंत बाहेर काढणे स्त्रीसाठी अधिक धोक्याचे नसेल, तर त्याच्या मृत्यूचा आग्रह शरीराच्या हक्कावर उभा राहू शकत नाही, असे माझे मत आहे. गर्भाला काहीच किंमत नाही असे मी कधीही म्हणणार नाही, आणि निर्णय घेणाऱ्या बहुतेक स्त्रियाही तो तशा भावनेने घेत असतील असे मला वाटत नाही.

संमतीचा हा युक्तिवाद मान्य केला, तर तो उलट बाजूनेही पाळावा लागतो. गर्भ वाढवायचा आहे अशा स्त्रीवर पतीने, कुटुंबाने किंवा सरकारने गर्भपात लादणे हा तितकाच गंभीर अन्याय आहे. जोडीदाराचे दुःख खरे असू शकते, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, परंतु शेवटचा शब्द त्याचा असू शकत नाही. डॉक्टरांनी तिच्याशी एकटीशी बोलायला हवे, भाषेची अडचण असल्यास दुभाष्याचे काम सोबत आलेल्या नातेवाइकावर सोपवू नये, आणि गोळी देण्यापूर्वी किंवा शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेण्यापूर्वी तिला पुन्हा एकदा विचारावे. त्या क्षणी तिने नको म्हटले तर तेथेच थांबावे, मग कागदावर सही कालच झालेली का असेना.