दुधाळ होणारी काच ऊन अडवते का?

प्रश्न : बैठकीच्या खोल्यांना अलीकडे अशी काच बसवतात, की बटण दाबताच ती स्वच्छ होते आणि बंद करताच दुधाळ. काचेत नेमके काय बदलते? वीज गेल्यास ती कोणत्या स्थितीत राहते? तीच काच खिडकीला लावली, तर ऊन अडेल का?

उत्तर : बदल काचेत होत नाही, तो दोन काचांच्या मध्ये दाबून बसवलेल्या पातळ फिल्ममध्ये होतो. या फिल्ममधल्या पॉलिमरमध्ये द्रवस्फटिकाचे, म्हणजे लिक्विड क्रिस्टलचे, साधारण एक मायक्रोमीटर आकाराचे असंख्य थेंब अडकलेले असतात आणि तिच्या दोन्ही अंगांना इंडियम टिन ऑक्साइडचा वीजवाहक, तरीही पारदर्शक असा लेप असतो. द्रवस्फटिकाचे रेणू लांबट असल्यामुळे त्यांचा अपवर्तनांक, म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वळवतो याचे माप, दिशेनुसार बदलतो. वीज बंद असताना प्रत्येक थेंबातले रेणू वेगवेगळ्या दिशांना वळलेले असतात, थेंबांचा आणि पॉलिमरचा अपवर्तनांक जुळत नाही आणि प्रकाश थेंबाथेंबाशी वळून विखुरतो. वीज सुरू होताच रेणू काचेला काटकोनात उभे राहतात, समोरून येणाऱ्या प्रकाशासाठी दोन्ही पदार्थांचा अपवर्तनांक सुमारे 1.5 इतका सारखा होतो आणि थेंब जणू नाहीसेच होतात. हे सारे काही मिलिसेकंदांत घडते. अपवर्तनांकांची जुळणी समोरच्या दिशेपुरती असल्यामुळे, वीज सुरू असतानाही तिरप्या नजरेने पाहिल्यास काच किंचित धुरकट दिसते; हा उत्पादनातला दोष नव्हे.

यातूनच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. नेहमीच्या प्रकारात वीज गेली की काच दुधाळ होते. आडोसा हाच हेतू असल्यामुळे हे सोयीचेच आहे. (उलट वागणाऱ्या फिल्मही तयार होतात, पण त्या कमी आढळतात.) काच स्वच्छ ठेवण्यासाठी मात्र वीज सतत द्यावी लागते, तीही प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, कारण एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहामुळे आतले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, एका बाजूला साचून फिल्म खराब होऊ लागते. विजेचा खर्च मात्र दर चौरस मीटरला काही वॅट इतकाच असतो.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण दुधाळ म्हणजे अपारदर्शक, आणि अपारदर्शक म्हणजे ऊन अडवणारी, असा समज सर्रास आढळतो. ही काच प्रकाश शोषत नाही, तो विखुरते, आणि विखुरलेला बराचसा प्रकाश पुढे, म्हणजे खोलीतच, येतो. दुधाळ काचेच्या मागच्या बाजूला हाताचा पंजा टेकवून पाहावा : बोटांची कड स्पष्ट दिसते, हात वीतभर मागे घेताच आकार पुसट होतो, तरी उजेड फारसा कमी होत नाही. उन्हाची प्रखर तिरीप त्यामुळे सौम्य होईल. उष्णता मात्र फारशी अडणार नाही. खोलीत मागे प्रखर दिवा असेल, तर काचेजवळ उभ्या माणसाची सावलीही बाहेरून दिसते, हे आडोशासाठी काच घेणाऱ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावे.

ऊन अडवायचे, तर प्रकाश शोषणारी किंवा परतवणारी काच हवी. विजेने रंग बदलणारी इलेक्ट्रोक्रोमिक काच याच कामाची आहे. टंगस्टन ऑक्साइडच्या पातळ थरात असा रंगबदल घडवता येतो, हे सत्येन देब या शास्त्रज्ञाने 1969 मध्ये दाखवले. थरात इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या जोडीला लिथियमसारखे आयन शिरले की तो गडद निळा होतो. ते बाहेर काढले की पुन्हा फिका पडतो. त्यासाठी काही व्होल्ट पुरतात आणि वीज मुख्यतः स्थिती बदलतानाच लागते. आयनांना मात्र प्रत्यक्ष सरकत जावे लागत असल्याने मोठी खिडकी गडद व्हायला कित्येक मिनिटे लागतात. बोइंग 787 विमानाच्या खिडक्यांना झडपा नसतात, तिथेही विजेने गडद होणारी काचच वापरली आहे; तिचे रसायन वेगळे, तत्त्व तेच. ही काच गडद झाली तरी दुधाळ होत नाही, तिच्यातून पलीकडचे दिसतच राहते. त्यामुळे रात्री खोलीत दिवा लागलेला असताना तिच्यावर आडोशासाठी विसंबता येत नाही, आणि तिथे साधा पडदाच अधिक खात्रीचा ठरतो.