वाचकांचे प्रश्न : हिवतापाचे डास आणि निष्प्रभ होणारी कीटकनाशके

डास आणि कीटकनाशके या विषयावर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : एकच औषध वर्षानुवर्षे फवारले की डासांना त्याची सवय होते, असे सर्रास म्हटले जाते. एवढ्याशा जीवाच्या अंगात इतक्या लवकर असा बदल कसा होतो?

उत्तर : हा बदल एकेका डासाच्या अंगात होत नाही, तो डासांच्या समूहात होतो. कोणत्याही मोठ्या समूहात, फवारणी सुरू होण्याच्या आधीपासूनच, जनुकीय वेगळेपणामुळे त्या विषाला दाद न देणारे मोजके डास असू शकतात. फवारणीने बाकीचे मरतात, हे उरतात आणि पुढची पिढी बहुतांशी त्यांचीच होते. उष्ण हवेत अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास तयार व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात आणि मादी एका वेळी ५० ते २०० अंडी घालते. तेव्हा एका मोसमात ही निवड किती पिढ्यांवर होत असेल, याचा अंदाज करता येईल.

इतिहास याला साक्ष आहे. डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये ओळखला आणि त्याबद्दल त्यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५१ मध्ये, ग्रीसमधील हिवतापवाहक डासांत डीडीटीला प्रतिरोध, म्हणजे विषाला दाद न देण्याचा गुण, आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने १९५५ मध्ये हिवताप निर्मूलनाची जागतिक मोहीम हाती घेतली, त्यामागे प्रतिरोध सर्वत्र पसरण्याआधी काम पुरे करावे, हा स्पष्ट विचार होता. ते साधले नाही आणि १९६९ मध्ये निर्मूलनाचे ते धोरण मागे घ्यावे लागले. त्या अपयशाला इतरही कारणे होती, पण हे कारण दुय्यम मानणे चुकीचे ठरेल.

डास वाचतो तो मुख्यतः दोन प्रकारे. पहिल्या प्रकारात विष जिथे बसते ती जागाच बदललेली असते. डीडीटी आणि पायरेथ्रॉइड (मच्छरदाण्यांना लावतात त्या गटातील औषधे) ही दोन्ही कीटकनाशके चेतापेशीच्या आवरणातील सोडियमच्या मार्गिकेवर काम करतात. ही मार्गिका म्हणजे क्षणभर उघडून लगेच मिटणारे दार आहे असे समजले, तर विष ते दार उघडेच धरून ठेवते. चेतातंतूंतील संदेश थांबता थांबत नाहीत आणि डास तडफडून खाली पडतो. काही डासांत या मार्गिकेच्या प्रथिनातील १०१४ व्या स्थानी ल्यूसीन या अमिनो आम्लाऐवजी (अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांचे घटक) दुसरेच अमिनो आम्ल आलेले असते आणि तेवढ्या एका बदलाने विषाची पकड सुटते. दोन्ही रसायनांचे लक्ष्य एकच असल्यामुळे डीडीटीने निवडून ठेवलेला हा गुण पुढे पायरेथ्रॉइडच्याही विरोधात डासांच्या कामी आला. दुसऱ्या प्रकारात विकरांचे (एन्झाइम, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचे) प्रमाण वाढलेले असते आणि विष चेतापेशीपर्यंत पोहोचण्याआधीच त्याचे विघटन होते. याशिवाय बाह्य कवच जाड होणे, पायांतील विशिष्ट प्रथिनांनी कीटकनाशक बांधून ठेवणे, असेही प्रकार संशोधकांना आढळले आहेत. एकाच डासात हे सगळे एकत्र असू शकते आणि खरी अडचण तिथेच आहे.

शेतीचा वाटाही यात मोठा आहे. पिकांवर फवारलेली, त्याच रासायनिक गटांतील कीटकनाशके शेतातल्या साचलेल्या पाण्यात उतरतात आणि तिथल्या डासांच्या अळ्यांची निवड आरोग्य विभागाने काही फवारण्याच्या आधीच सुरू होते.

प्रश्न : एखाद्या भागातील डासांत प्रतिरोध आला आहे, हे ठरवतात कसे? फवारणीनंतरही डास दिसतात एवढे पुरेसे नाही का?

उत्तर : पुरेसे नाही. फवारणी अपुरी झाली असेल, औषध मुदतबाह्य असेल, औषध फवारलेल्या भिंती नंतर सारवल्या किंवा रंगवल्या असतील, तरीही डास दिसतात. शिवाय जे दिसतात ते हिवताप पसरवणारे ॲनॉफिलीस असतीलच असे नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेली नळीची चाचणी करतात. त्या भागातून गोळा केलेल्या अळ्या प्रयोगशाळेत वाढवतात आणि तीन ते पाच दिवस वयाच्या, रक्त न प्यायलेल्या साधारण २० ते २५ माद्या एका नळीत सोडतात. नळीच्या आतल्या बाजूला ठरावीक मात्रेचे कीटकनाशक लावलेला कागद असतो. एक तास त्यांना तिथे ठेवून मग स्वच्छ नळीत हलवतात आणि साखरेच्या पाण्याचा बोळा देतात. २४ तासांनी मोजणी होते : जी मादी हालत नाही, उभी राहू शकत नाही किंवा उडू शकत नाही, ती मृत धरतात. अशा अनेक नळ्या आणि सोबत विष नसलेल्या कागदाच्या तुलनेच्या नळ्याही ठेवतात. ९८ टक्के किंवा त्याहून अधिक माद्या मेल्या तर डास त्या औषधाला बळी पडणारे आहेत, ९० टक्क्यांहून कमी मेल्या तर प्रतिरोध निश्चित आणि मधला आकडा आला तर पुन्हा तपासणी, असा दंडक आहे. या चाचणीसाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. त्यामुळे ती न करता केवळ गेल्या वर्षीचेच औषध पुन्हा मागवले जाते, तेव्हा त्याचे समर्थन करता येत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : औषधाची मात्रा वाढवली तर हा प्रश्न सुटणार नाही का?

उत्तर : नाही. प्रतिरोधाची तीव्रता मोजण्यासाठी नेहमीच्या पाचपट आणि दहापट मात्रेच्या चाचण्या केल्या जातात आणि काही ठिकाणचे डास दहापट मात्रेतूनही वाचलेले आहेत. तेवढी मात्रा घरात वापरणे माणसांच्या दृष्टीने योग्य नाही आणि त्यातूनही जे डास वाचतील ते अधिक चिवट असतील.

प्रश्न : मच्छरदाण्यांना लावलेल्या औषधाला डास जुमानत नसतील, तर त्या वापरण्यात अर्थ काय?

उत्तर : हा प्रश्न विचारणाऱ्या सर्वांना आमची कळकळीची विनंती आहे की त्यांनी मच्छरदाणी सोडू नये. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत हिवतापाचे जे कोट्यवधी रुग्ण टळले, त्यांतील सुमारे दोन तृतीयांश कीटकनाशकभारित मच्छरदाण्यांमुळे टळले, असा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने बेनिन, कॅमेरून, भारत, केनिया आणि सुदान या पाच देशांत झालेल्या पाहणीतही, प्रतिरोध असलेल्या भागांत मच्छरदाणी वापरणाऱ्यांना न वापरणाऱ्यांपेक्षा हिवताप कमी झाल्याचे दिसले. न फाटलेले जाळे डासाला अंगापर्यंत येऊ देत नाही, हे त्याचे उघड कारण आहे. दुसरे कारण थोडे आडवळणाचे आहे. हिवतापाचे परजीवी डासाच्या शरीरात वाढून लाळग्रंथीत पोहोचायला साधारण १० ते १४ दिवस लागतात, म्हणजे रोग पसरवते ती वयस्क मादी. आणि वय वाढते तसा अनेक डासांतील प्रतिरोध काहीसा उतरतो, म्हणून नेमक्या अशा माद्यांवर जाळीचे औषध अधिक चालू शकते.

तरीही जुन्या पद्धतीच्या मच्छरदाण्यांवर विसंबून राहावे, असे आम्ही म्हणणार नाही. २०१७ पासून पायपेरोनिल ब्यूटॉक्साइड मिसळलेल्या जाळ्यांची शिफारस होऊ लागली. हा पदार्थ स्वतः डासाला मारण्यासाठी नसतो, पण विषाचे विघटन करणाऱ्या विकरांना तो रोखतो. २०२३ मध्ये पायरेथ्रॉइडबरोबर क्लोरफेनापिर असलेल्या जाळ्यांची शिफारस झाली. क्लोरफेनापिर चेतापेशींवर काम करत नाही. डासाच्याच विकरांनी त्याचे रूपांतर केले म्हणजे ते विषारी बनते आणि पेशींची ऊर्जानिर्मिती बंद पाडते. म्हणजे जी विकरे पायरेथ्रॉइडपासून डासाला वाचवतात, तीच त्याच्यावर उलटतात. टांझानियातील चाचणीत या जाळ्यांमुळे, केवळ पायरेथ्रॉइड असलेल्या जाळ्यांच्या तुलनेत, मुलांमधील हिवतापाचे प्रमाण दोन वर्षांत ४४ टक्क्यांनी कमी राहिले. या जाळ्या महाग पडतात ही तक्रार खरी आहे, परंतु जिथे चाचणीने प्रतिरोध सिद्ध झाला आहे तिथे स्वस्त जाळी घेणे ही बचत नव्हे.

प्रश्न : एखादे औषध काही वर्षे बंद ठेवले तर ते पुन्हा लागू पडते का?

उत्तर : कधी पडते, कधी नाही. प्रतिरोधाचा गुण बाळगणे डासाला काही वेळा महाग पडते : त्याची वाढ मंदावते किंवा अंडी कमी होतात. औषधाचा दाब हटला की असे डास मागे पडतात आणि गुण विरळ होतो. जिथे अशी किंमत मोजावी लागत नाही, तिथे तो वर्षानुवर्षे टिकतो. आणि विरळ झालेला गुणही जुने औषध पुन्हा सुरू केल्यावर पहिल्यापेक्षा लवकर फोफावतो.

म्हणूनच औषध पूर्ण निकामी होण्याची वाट न पाहता, वेगवेगळ्या प्रकारे काम करणारी औषधे ठरवून आलटूनपालटून वापरावीत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या जागतिक आराखड्यात सांगितले आहे. पश्चिम आफ्रिकेत नदीअंधत्व (दृष्टी घालवणारा परजीवी रोग) पसरवणाऱ्या काळी माशी या चावणाऱ्या कीटकाविरुद्ध अळीनाशके अशीच फिरवून वापरली गेली आणि त्यामुळे तो कार्यक्रम प्रतिरोध येऊनही पुढे चालू शकला. हिवतापाच्या बाबतीत घरातील फवारणीसाठी क्लोथियानिडिन हा आणखी एक पर्याय आता उपलब्ध आहे. मात्र त्याच गटातील औषधे शेतीतही वापरात आहेत. त्यामुळे फेरपालटाचे वेळापत्रक आखताना आरोग्य आणि कृषी हे दोन्ही विभाग एकत्र बसले नाहीत, तर नव्या औषधाचे आयुष्यही शेतातच संपेल.