दिवसभर घरी कोण असतं?

"मॅडम, आठ दिवस झाले, पोरगी बोलूनच नाही राहिली आमच्याशी. मला एवढंच सांगा, सोसायटीच्या नियमात बसेल असा कोणता प्राणी आणता येईल?"

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलेला हा फोन. प्राणी आणण्याआधी घरांशी बोलणं, त्यांना सल्ला देणं हे माझं काम. असे फोन मला वर्षातून बरेच येतात, विशेषतः उन्हाळ्याच्या सुट्ट्या तोंडावर आल्या की. मूल हट्टाला पेटलेलं असतं, सोसायटीत मनाई असते आणि आईवडिलांना एखाद्या बिनतक्रारीच्या प्राण्याचं नाव हवं असतं. मी फोनवर नाव सांगत नाही. सगळ्यांना घेऊन या म्हणते. सगळ्यांना म्हणजे घरात राहणाऱ्या प्रत्येकाला.

या घरात चौघं. आई बँकेत, वडील नागपूरच्या मिहान औद्योगिक भागातल्या एका कंपनीत, मुलगी अकरा वर्षांची आणि वडिलांची आई, बहात्तर वर्षांच्या. शहरातल्या महाल भागातलं जुनं घर विकल्यावर गेली दोन वर्षं बेसा भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि हे लिहायला त्या घराची परवानगी घेतली आहे.) पहिल्या दिवशी आजी आल्या नाहीत. "त्यांना काय विचारायचं, त्यांचं काहीच म्हणणं नसतं," असं आई म्हणाली. ते मी वहीत लिहून ठेवलं.

घडलं होतं ते असं. मुलीच्या वाढदिवसाला वडिलांनी कळमेश्वरकडच्या एका मित्राच्या शेतातून गावठी कुत्र्याचं पिल्लू आणलं. जेमतेम दीड महिन्याचं. खरं तर दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये, पण ते कुणाला ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी सोसायटीचे सचिव नोटीस घेऊन दारात आले. 'सर्वसाधारण सभेच्या ठरावानुसार इमारतीत कुत्रा पाळण्यास मनाई आहे.' नवव्या दिवशी घरमालकाचा फोन आला. दहाव्या दिवशी मुलगी शाळेत असताना वडील पिल्लू गाडीत घालून शेतावर सोडून आले. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा टोपली धुऊन गॅलरीत पालथी घातलेली होती.

वडील मनाने वाईट माणूस नाहीत. मुलीला रडताना बघवणार नाही, म्हणून त्यांनी ती वेळ निवडली. माझ्यासमोर बसल्याबसल्या त्यांनी मोबाइलवर माशांच्या टाकीचे फोटो उघडून मुलीसमोर धरले. "बघ बेटा, यातला कोणताही घे. याला कोणी काही म्हणणार नाही."

मुलगी त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलली. "मासा मला ओळखेल का?"

मी थांबले. ती मग माझ्याकडे बघत म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मीपण गेली असती सोडायला."

तिला कुत्रा न मिळाल्याचा राग आहे असं घरी सगळे धरून चालले होते. तो होताच, पण तिच्या जिवाला लागलं होतं ते निरोप न घेता आल्याचं. मोठी माणसं मुलांचं दुःख वाचवायला जातात आणि नेमकी तीच गोष्ट लपवतात जी मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची असते. मी वडिलांना माफी मागायला सांगितलं. ते सुरू झाले ते सचिवांच्या नोटिशीपासून. मी मध्येच थांबवलं. कारणं नंतर. मग ते एवढंच म्हणाले, "तुला न विचारता नेलं. चुकलं माझं." पुढच्या रविवारी दोघं शेतावर जाऊन आले. तिने पिल्लासाठी भाकरी नेली होती.

दुसऱ्या भेटीत मी दोन कागद मागवले, सोसायटीची नोटीस आणि भाडेकरार. या दोहोंची लोक नेहमी गल्लत करतात. सोसायटीच्या बाबतीत भारतीय पशुकल्याण मंडळाने 2015 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू नका म्हणता येत नाही, वेगळं शुल्क लावता येत नाही. त्याच सूचना पाळणाऱ्यालाही सांगतात की लसीकरण करा, सार्वजनिक जागेत पट्टा लावा, घाण झाली तर उचला. म्हणजे फ्लॅट स्वतःचा असता तर सचिवांशी शांतपणे, लेखी बोलायला जागा होती. पण या घराचा अकरा महिन्यांचा करार होता आणि त्यात प्राणी न ठेवण्याची अट होती. खाली या दोघांच्या सह्या होत्या. ती अट सोसायटीची नव्हती, घरमालकाशी झालेल्या कराराची होती, आणि तिला मंडळाच्या सूचनांचं उत्तर चालत नाही. घरमालकालाच विचारावं लागतं, आणि तेही प्राणी आणायच्या आधी.

आईने तेव्हा हळूच विचारलं, "एखादी न भुंकणारी लहान जात असते ना? पगसारखी? कोणाला कळणारही नाही."

या प्रश्नाला मी दरवेळी स्पष्ट नाही म्हणते. चोरून ठेवलेला कुत्रा कधी ना कधी कळतोच, आणि त्या दिवशी घर सोडावं लागतं ते कुत्र्याला. एका घरी हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नोटीस आल्यावर तीन वर्षांच्या कुत्रीला रात्री रिंग रोडला सोडून आले होते. प्राण्याला असं टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, पण त्या घरातला मुलगा रात्री झोपेतून दचकून उठायचा, तो काही कायद्यामुळे नाही. आणि पगचं म्हणाल तर कुत्रा अंगातली उष्णता धापा टाकून बाहेर काढतो. चपट्या नाकाच्या जातींना ते नीट जमत नाही. 23 मे 2013 ला आपल्या नागपुरात पारा 47.9 वर गेला होता. त्या गावात दुपारी वीज गेली की अशा कुत्र्याचं काय होतं, हे कोणताही पशुवैद्य सांगेल.

मग एकेक नाव निघालं. वडिलांच्या ओळखीत कोणीतरी मिठ्ठू आणून देणार होता. आपल्याकडचे हिरवे पोपट पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, मग पिंजरा कितीही मोठा असो. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेल्या कासवाचंही तेच. कोणाकडे असा पक्षी किंवा कासव आधीपासून असेल तर सेमिनरी हिल्सला वनविभागाचं उपचार केंद्र आहे, तिथे विचारावं. झाडावर सोडून देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेला पोपट बाहेर जगत नाही. दुकानात रुपयाएवढी मिळणारी लाल कानांची परदेशी कासवं कायद्यात बसतात, पण ती ताटाएवढी होतात आणि वीस-तीस वर्षं जगतात. तोवर मुलगी लग्नाची झालेली असते आणि कासव फुटाळा तलावात सोडायचा विचार सुरू होतो, जिथे ते देशी कासवांच्या तोंडचा घास काढतं.

सशाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण फ्लॅटवाल्यांना तो फार सोयीचा वाटतो. आवाज नाही, फिरवायला नको, दिसायला गोड. पण ससा हा भक्ष्य होणारा प्राणी आहे, त्यामुळे उचलून घेतलं की त्याला पकडलं गेल्यासारखं वाटतं. झटापटीत त्याचा कणाही दुखावतो. त्याचे दात जन्मभर वाढतात, म्हणून दिवसभर सुकं गवत चघळायला लागतं. गाजरावर ससा जगत नाही. तिशीच्या पुढचं तापमान त्याला सोसत नाही आणि आपल्याकडे मार्चमध्येच पस्तिशी ओलांडलेली असते. कूलरसमोर ठेवू म्हणतात, पण पाणी संपलेल्या कूलरचं आणि वीजकपातीचं गणित कोणी मांडत नाही.

मासे वाईट नाहीत. ज्याला बघत बसायला आवडतं त्याच्यासाठी चांगले. फक्त टाकीत पाणी भरून त्याच दिवशी मासे सोडू नयेत; घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात. घाई केली की मासे मरतात आणि मुलाला वाटतं आपल्या हातून मेले. या मुलीने मात्र पहिल्याच दिवशी उत्तर दिलेलं होतं. तिला ओळखणारं कोणीतरी हवं होतं.

मी त्यांना प्राणी न आणता एकवीस दिवसांची वही करायला सांगितली. रोज सकाळी सहाला उठून एक वाटी धुऊन पाणी भरायचं. रात्री जेवणानंतर वीस मिनिटं खाली चक्कर मारायची. एका जुन्या ट्रेमध्ये वाळू ठेवून ती रोज गाळायची. आणि प्रत्येक तासाला घरात कोण होतं ते लिहायचं. हे मी बऱ्याच घरांना करायला लावते. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून गल्लीभर मिरवतात आणि दुसऱ्या दिवशी तो फडताळात जातो. खऱ्या जनावराला दुसऱ्या दिवशीही सकाळी सहालाच भूक लागते, हे वही दाखवते.

एकवीस दिवसांत मुलीच्या दोन सकाळी चुकल्या. वडिलांच्या अकरा. आणि तासांच्या रकान्यात सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत रोज एकच शब्द होता. आजी.

"मग पुढच्या वेळी आजींना घेऊन या," मी म्हटलं.

त्या आल्या, पदर सावरून खुर्चीच्या काठावर बसल्या. पिल्लू घरात होतं ते दहा दिवस कसे गेले, विचारलं तर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मले कुत्र्याचं भेव वाटते, बाई. लहानपणी चावलं होतं काटोलकडं. पोटात चौदा सुया घेतल्या. रोज एक. बापू खांद्यावर घेऊन जाये."

सून आणि मुलगा दोघंही त्यांच्याकडे बघत राहिले. बेचाळीस वर्षांच्या मुलाला हे ठाऊक नव्हतं. ते दहा दिवस आजी स्वतःच्या खोलीला आतून कडी लावून बसत होत्या. दुपारचं जेवण त्या सकाळीच खोलीत नेऊन ठेवायच्या. संडासला जायचं तेवढं जायचं, तेही पिल्लू झोपलं की. नातीचा आनंद मोडायचा नाही म्हणून तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

आजींची भीती काल्पनिक नव्हती. पोटातली ती चौदा इंजेक्शनं मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या जुन्या लशीची असत. 2005 च्या सुमारास ती आपल्याकडे बंद झाली. आता दंडात चार-पाच वेळा घेतली की झालं. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली, पण साठ-बासष्ट वर्षांची भीती माहितीने जात नाही, आणि ती घालवायचा हट्ट मी धरलाही नाही. घराने कुत्र्याचा विषय त्याच दिवशी बंद केला. विशेष म्हणजे तो मुलीने बंद केला. ती उठून आजीच्या खुर्चीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "तू मला काहून नाही सांगितलं?"

मी आजींना विचारलं, मग तुम्हाला काय चालेल? हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. महालातल्या घरी एक मांजर माळवदावरून यायची, त्यांच्या पायाशी बसायची, असं त्यांनी सांगितलं. मांजर चालेल.

घरमालकाला लेखी विचारलं. कुत्रा नको, एक मांजर चालेल, खिडक्यादारांचं नुकसान झालं तर भरून द्यायचं, असं त्याने लिहून दिलं. सोसायटीलाही कळवून ठेवलं. ऊन उतरेपर्यंत थांबायला मी सांगितलं आणि मांजरीचं पिल्लू घेऊ नका असंही. पिल्लू रात्रभर धुडगूस घालतं, आजींच्या पायात येतं. जुलैत त्यांनी प्राणी वाचवणाऱ्या एका बाईंकडून तीन वर्षांची, नसबंदी आणि लसीकरण झालेली मांजर घेतली, तीही दोन वेळा आजींना भेटवून. आधी गॅलरीला जाळी बसवली. उंचावरून पडूनही मांजरीला काही होत नाही हा समज खोटा आहे. आजींच्या गोळ्या बंद डब्यात गेल्या, कारण पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजरीच्या जिवावर बेतू शकते. फुलदाणीत लिली ठेवणं बंद झालं, तीही मांजरीला विषारी असते. नखांसाठी मुलीने फळीला गोणपाट गुंडाळून दिलं. दुधाची वाटी मात्र आजी अजूनही चोरून देतात. मोठ्या मांजरीला दूध बहुधा पचत नाही हे मी दोनदा सांगून झालं.

ऑक्टोबरमध्ये मुलगी एकटीच आत आली, आई बाहेर बसली होती. मांजर बरी आहे म्हणाली. शाळेतून आलं की दारात येते, पण झोपते आजीजवळ. मग तिने वही काढली. एकवीस दिवस केव्हाच संपले होते, ती लिहीतच राहिली होती. आदल्या रविवारी बाबांबरोबर पुन्हा शेतावर गेली होती. तो कुत्रा आता मोठा झालाय, शेळ्यांच्या मागे पळतो, अंगाने छान भरलाय.

"तो माझ्यावर भुंकला," ती म्हणाली. "मग वास घेतला आणि निघून गेला. त्याला मी आठवत नाही, ना?"

तो दहाच दिवस तुझ्याकडे होता आणि फार लहान होता, असं मी सांगितलं. ती थोडा वेळ रडली. मी जवळ बसून राहिले. मग तिने विचारलं की दिवाळीत पुन्हा गेलं तर चालेल का, भाकरी घेऊन.