होस्टेलमधल्या मुलांसाठी प्रार्थना आणि सेवा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या मंडळीत दर रविवारी तरुणांसाठी प्रार्थना होते. गावाबाहेरच्या होस्टेलवर बरीच ख्रिस्ती मुलं राहतात. त्यांच्यासाठी नेमकं काय मागावं?

‘तरुणांना आशीर्वाद दे’ एवढ्यावर थांबू नका. तिघा-चौघांनी आठवड्यातला एक दिवस ठरवून अर्धा तास बसा आणि कॉलेजचं वेळापत्रक समोर ठेवा. जून-जुलैत प्रवेश, नवी खोली, घरची आठवण. ऑक्टोबरच्या सुमारास सबमिशन, परीक्षा. निकालानंतर एटीकेटी लागलेली मुलं. बायबलमधलं कलस्सैकरांस पत्र १:९-१२ उघडा आणि त्यातली मागणी एकेका मुलाचं नाव घालून म्हणा: देवाच्या इच्छेचं ज्ञान, धीर, सहनशीलता, उपकारस्तुती. विनंती मुलाकडूनच घ्या आणि त्यातलं किती सांगितलेलं चालेल, हेही त्यालाच विचारा. ‘अमक्याची मुलगी कोणाबरोबर फिरते, तिच्यासाठी प्रार्थना करा’ ही चहाडीच आहे. ती कानावर गेली की मूल पुन्हा मन मोकळं करत नाही.

प्रश्न: चार-पाच जणच जमतो. त्यानं काय होणार?

१८०६ मध्ये अमेरिकेत विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळात गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थनेला बसले होते. त्या प्रेरणेतून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही परदेशात मिशनरी पाठवणारी संस्था स्थापन झाली. तिचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. १८३१ पासून नगर भागात या मिशनचं काम रुजलं. तेव्हा डोकी मोजू नका.

प्रश्न: मुलांचा बायबल अभ्यास दोन-तीन महिन्यांत मोडतो. असं का होतं?

बहुधा बोलणारा एकच असतो आणि अभ्यासाचं प्रवचन होतं. मार्कचं शुभवर्तमान घ्या. एका वेळी दहा-पंधरा वचनं, पाऊण तासात आटपा. मार्क २:१-१२ घेतलं तर विचारा: चौघांनी छप्पर उसकटून पक्षघाती माणसाला खाली सोडलं, पण येशूनं आधी पापक्षमेचं बोलून मग ‘ऊठ’ का म्हटलं? विचारून गप्प बसा. उत्तराला वेळ लागतो, आणि मधेच आपण बोललो की मुलं ऐकतच राहतात. तिसऱ्या आठवड्यापासून प्रश्न काढणं पाळीपाळीनं त्यांच्याकडे द्या. शेवटच्या वर्षाची मुलं मे महिन्यात निघून जातात आणि गट तिथेच फुटतो. म्हणून जानेवारीतच दुसऱ्या वर्षाच्या दोघांवर जबाबदारी सोपवा.

कॉलेजच्या आवारात बसायचं तर लेखी परवानगी हवी, नाहीतर चर्चचा हॉल बरा. अकरावी-बारावीच्या मुलांच्या आईवडिलांना आधी कळवा. फीची किंवा जेवणाची मदत कराल ती जरूर करा, पण ती अभ्यासाला येण्याशी कधीही जोडू नका.

प्रश्न: एखादं मूल फार खचलं असेल तर?

प्रार्थना कराच, पण जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर त्याला एकटं सोडू नका. वॉर्डनला आणि घरी लगेच कळवा. ‘कुणाला सांगू नका’ हा शब्द इथे पाळायचा नसतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. त्याच्याजवळ बसूनच फोन लावा.