हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी

ता. राजापूर, जि. रत्नागिरी
5 जानेवारी 2026

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आंब्यावरून पडून तू चाकाच्या खुर्चीवर आलास, आणि आता दोन गोष्टी विचारल्या आहेस. फेब्रुवारीत काजूचा हंगाम सुरू झाला की जवळच्या कारखान्यात बसून काजूगर सोलण्याचे काम मिळते आहे, ते घ्यावे का, ही पहिली. आणि वडिलांच्या पश्चात वारसनोंद करताना थोरला भाऊ व चुलते हक्कसोडपत्रावर, म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा सोडून दिल्याच्या दस्तावर, सही मागत आहेत, ती करावी का, ही दुसरी. शेवटी तू लिहितोस की सगळे जण आपल्यासाठी इतके करत असताना असे प्रश्न पडणे हाच कृतघ्नपणा वाटतो. मला आधी त्या शेवटच्या ओळीविषयीच लिहायचे आहे, कारण तुझ्या दोन्ही प्रश्नांची गाठ तिथे बसलेली आहे.

माझ्या पायाला पोलिओने कॅलिपर दिला तेव्हा मी चार वर्षांचा होतो. विसाव्या वर्षी मी आंब्याच्या एका कॅनिंग कारखान्यात डब्यांवर लेबले चिकटवायला लागलो. माझ्या शेजारी बसणाऱ्यांना दिवसाचे पाच रुपये मिळत आणि मला तीन. लेबले चिकटवायला पाय लागत नाहीत आणि माझे डबे इतरांपेक्षा कमी भरत नसत, हे मला दिसत होते; तरीही मालकाने आपल्याला ठेवून घेतले याचेच मला इतके अप्रूप होते, की माझी आई दरवर्षी झाडावरचा पहिला कापा फणस त्यांच्या घरी पोहोचवत असे. चार हंगाम मी तसे काम केले. पुढे सरकारी नोकरीत लागलो. केंद्र सरकारने 1977 साली क आणि ड वर्गांच्या पदांत आम्हा अपंगांसाठी 3 टक्के जागा राखल्या होत्या, त्यातली एक मला मिळाली. पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर माझ्या पायाचा कुठेच उल्लेख नव्हता, आणि त्या दिवशी प्रथमच मी मागच्या चार हंगामांचा हिशोब मांडला. रोजचे दोन रुपये कमी घेऊन मी त्या माणसाचे उपकार मानत होतो.

आता तुझा हिशोब मांडू. इतरांना रोज 350 रुपये आणि तुला 200, असे ठरते आहे. महिन्याचे 26 दिवस धरले तर तुझे 5,200 रुपये होतील. तुझी चाकाची खुर्ची एस.टी.त चढत नाही, म्हणून रिक्षा. जाऊन-येऊन 120 रुपये म्हणालास, म्हणजे महिन्याला 3,120. हातात उरले 2,080. आता दुसरी बाजू पाहा. संजय गांधी निराधार योजनेचे तुला गेल्या ऑक्टोबरपासून वाढीव दराने महिना 2,500 रुपये मिळतात. त्या योजनेत दिव्यांग लाभार्थ्याच्या कुटुंबाची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे. तुझे वर्षभराचे 200 रुपये रोजाप्रमाणे 62,400 होतात. उत्पन्नाचा दाखला देताना तहसील कार्यालय तुझे रिक्षाभाडे वजा करत नाही. म्हणजे महिनाभर राबून तू 2,080 मिळवशील आणि त्यापायी 2,500 गमावशील. कॅथेटर (लघवीची नळी), हातमोजे आणि पाठीच्या जखमांचे औषध तर काम कर किंवा घरी बस, लागणारच आहे. हेच काम 350 रुपयांनी मिळाले, तर रिक्षा जाऊन 5,980 उरतात आणि पेन्शन थांबली तरी चालते. उत्पन्न लपव, असे मी तुला कधीही सांगणार नाही. पण अर्ध्या-पाऊण रोजावर अपंग माणसाला काम देणे ही मेहेरबानी नसून कित्येकदा त्याला पूर्वीपेक्षा गरीब करणे असते, एवढे तुला या आकड्यांतून दिसावे.

(सरकारी कागदावर तू ‘दिव्यांग’ असेच लिही, अडू नकोस. मी मात्र इतकी वर्षे अपंगच म्हणत आलो आहे आणि या वयात जीभ वळत नाही.)

कारखानदार म्हणतो की तुझ्यासाठी टेबल उतरवावे लागेल आणि संडासाची पायरी काढून उतार करावा लागेल, त्याचे पैसे तो तुझ्या रोजातून वळते करतो आहे. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही; दहाबारा माणसांच्या कारखान्याला सिमेंटचा खर्च जाणवतो. पण तो खर्च एकदाच होतो आणि कपात रोज होणार आहे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यात अपंगत्वावरून भेदभाव करायला मनाई आहे आणि मालकाला अवाजवी भार पडणार नाही अशा बेताने योग्य त्या सोयी करून देणे अपेक्षित आहे. नुसता कायदा दाखवून मात्र काम मिळत नाही. शिवाय जुना कायदाच आपल्या बाजूचा नव्हता: 1948 च्या किमान वेतन कायद्यात अपंग कामगारांना किमान वेतनातून वगळण्याची मुभा सरकारला ठेवलेली होती. म्हणजे कमी पगाराची ही कल्पना त्या कारखानदाराच्या डोक्यातून निघालेली नाही, ती फार जुनी आहे. म्हणून त्याच्याशी भांडू नकोस, वजनावर बोल. ‘मला रोज नको, किलोचा दर द्या, जो बाकीच्यांना आहे तोच,’ असे सांग. तुझे हात दोन आठवड्यांत किती सोलतात ते तराजू सांगेल. शंका असेल तर त्याला कुडाळ तालुक्यातल्या मोरे गावची स्वप्ननगरी पाहून यायला सांग. स्वतः चाकाच्या खुर्चीवर आयुष्य काढलेल्या नसीमा हुरजूक यांच्या संस्थेने तिथे अपंगांच्या हातून काजूप्रक्रियाच चालवून दाखवली आहे. तरीही तो 200 वरच अडला, तर या हंगामात नाही म्हण.

आता हक्कसोडपत्र. इथे मला जास्त काळजी वाटते, कारण कारखान्याचे काम सोडता येते आणि सही मागे घेता येत नाही. असा दस्त दुय्यम निबंधकासमोर नोंदवला गेला की तो रद्द करून घ्यायला दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते, आणि ती वाट तुझ्या घरासमोरच्या पाखाडीपेक्षाही, त्या दगडी पायऱ्यांच्या वाटेपेक्षाही, लांब आहे.

तुझे चुलते जे म्हणतात ते मी अनेक घरांत ऐकले आहे: ‘तू काय कलमे शिंपणार आहेस? तुझे आम्ही आयुष्यभर बघू.’ ते खोटे बोलत आहेत असे मी म्हणत नाही. तू मागच्या मे महिन्याच्या आधीच्या मे महिन्यात हापूस उतरवताना पडलास, तेव्हा झोळी करून चाळीस पायऱ्या वर नेणाऱ्या चौघांत तेही होते. पण ‘बघू’ हा शब्द कोणत्याही दस्तात लिहिलेला नाही. तुझा भाऊ मुंबईला, त्याची मुले तिथेच वाढणार. वीस वर्षांनी तुझे औषध कोण आणणार, हे आज कोणालाच सांगता येत नाही. म्हातारपणी मुलांना जमीन देणाऱ्या आईबापांसाठी 2007 च्या कायद्यात एक आधार तरी आहे: सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळले नाही तर, न्यायाधिकरणाकडून परत मागता येते. तो आधार साठ वर्षांपुढच्यांसाठी आहे. तू चोवीस वर्षांचा आहेस.

एकेकाळी आपल्या धर्मशास्त्रात आंधळ्या-पांगळ्यांना वारसाच नव्हता, आणि ती बंधने दूर करणारा कायदा 1928 साली करावा लागला. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम 28 तर स्पष्टच सांगते की रोग, व्यंग किंवा शारीरिक विकृती यांवरून कोणाचाही वारसा नाकारता येणार नाही. 2016 च्या कायद्याचे कलम 13 त्यात भर घालते की आपली मालमत्ता सांभाळण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार स्वतः करण्याचा हक्क आपल्याला इतरांइतकाच आहे. आमच्या घरी मला कोणी सही मागितली नव्हती. नुसते नाव चढवायचे राहून गेले, अकरा वर्षे.

सातबारावर नाव असण्याचा अर्थ केवळ मान नव्हे. फळपीक विमा, पीककर्ज, वादळाची नुकसानभरपाई, उद्या रस्त्याला जमीन गेली तर तिचा मोबदला, हे सगळे त्या नावावर येते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतही शेतकरी कुटुंबातल्या माणसाचे दोन अवयव निकामी झाले तर 2 लाख रुपये आहेत. ते तुमच्या घरी वेळेत कोणी सांगितले नाही, याची मला अजून चुटपूट लागते. तेव्हा भावाला सांग की नाव राहू दे, कलमे तू कर. उत्पन्नातला माझा हिस्सा किती, तो दरवर्षी कोणत्या महिन्यात द्यायचा आणि औषधपाण्याचे पैसे त्यात धरायचे की निराळे, हे कागदावर लिहू. तो खरोखर तुला सांभाळणार असेल, तर लिहायला हरकत घेणार नाही. आणि लिहायला हरकत घेतलीच, तर तुला वेळीच कळले असे समज.

एक विचारायचे राहिले. तुझ्या पेन्शनचे पासबुक आणि एटीएम कार्ड कोणाजवळ असते? आमच्या वाडीतल्या एका दृष्टिहीन बाईंना एका बँकेने ‘तुम्हाला दिसत नाही, कार्ड भावाच्या हाती देतो’ असे सांगितले होते. रिझर्व्ह बँकेने 2008 मध्येच दृष्टिहीन ग्राहकांना चेकबुक, एटीएम यांसह सगळ्या सेवा द्याव्यात असे बँकांना कळवले आहे. त्या परिपत्रकाची प्रत घेऊन त्या पुन्हा गेल्या, तेव्हा कार्ड मिळाले. तुझ्या बाबतीत बँकेची अडचण नाही, घरातल्या फडताळाची असावी, असा माझा अंदाज आहे. कार्ड मागून घे. भांडणाने नको, पण माग.

पाखाडीबद्दल थोडे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बहुतेक ठिकाणी ते वर्षअखेरीस वस्तू वाटून संपवतात. तुला तिसरी पाण्याची टाकी नको आहे, घरापासून रस्त्यापर्यंत खुर्ची जाईल अशी वाट हवी आहे. आपल्याकडे चिऱ्याच्या पायऱ्या पावसाळ्यात शेवाळतात, तेव्हा उतार खडबडीत आणि वळणावळणाने घ्यावा लागेल आणि शेजाऱ्याच्या खळ्याचा कोपरा मागावा लागेल, हे अर्जातच लिही. 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधी अर्ज दे आणि आवक क्रमांकासह पोच घे. पोच मिळाल्याशिवाय तिथून हलू नकोस. ती नसेल तर उद्या पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करायची वेळ आली तरी तुझ्या हातात दाखवायला काही राहणार नाही. ती वाट झाली तर रिक्षापर्यंत जायला रोज दोन माणसे बोलवावी लागणार नाहीत. त्या दोन माणसांचा चहापाण्याचा खर्च तू वरच्या हिशोबात मला सांगितलाच नव्हतास, माझ्या लक्षात आले आहे.

कृतघ्नपणाचे म्हणशील, तर ज्या चौघांनी झोळी उचलली त्यांचे उपकार जन्मभर मान. मीही त्या कारखानदाराचे बरेच मानले असते, त्याने पाच रुपये दिले असते तर.

सातबारा आणि आठ-अ यांचे उतारे काढून ठेव, आणि हक्कसोडपत्राचा मसुदा त्यांनी दिला असेल तर तोही. मात्र त्यावर कुठेही, अगदी पेन्सिलनेसुद्धा, काही लिहू नकोस. रविवारी सकाळच्या एस.टी.ने मी येतो. आईला सांग की मला पाखाडी उतरायला अर्धा तास लागतो, तेव्हा मी वरून हाक दिल्यावर चहा ठेवला तरी चालेल.

तुझा,
काका