प्रार्थनेचे शब्दच आठवत नाहीत

प्रिय मैत्रिणी,

पत्राखाली तू नाव न घालता नुसतं ‘थकलेली’ लिहिलंस. वयाने मी तुझ्याहून बरीच मोठी दिसते, म्हणून अगंतुगं करतेय. राग मानू नकोस.

इतर वाचकांसाठी तुझं पत्र थोडक्यात सांगते. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आठपैकी तीन केमो झाल्या. चौथीच्या आधी रक्त तपासलं तर रक्तपेशींचे काउंट इतके खाली की डॉक्टरांनी केमो आठवडाभर पुढे ढकलली. घरी आलीस तर मोठी बहीण म्हणाली, “तुझी श्रद्धाच कमी पडतेय. मनापासून प्रार्थना केलीस तर काउंट कसे वाढत नाहीत बघू!” आणि तुझी खरी दुखरी जागा तीच, कारण गेले दोन महिने तुला प्रार्थना जमतच नाहीये. डोळे मिटून बसतेस, लहानपणापासून तोंडपाठ असलेले शब्द मध्येच तुटतात. पहाटे ३ वाजता टक्क जागी असतेस. शेवटी विचारतेस, ‘ताई, माझी श्रद्धा आटली म्हणून औषध लागू पडणार नाही का?’

तसं काहीही नाही गं.

आधी काउंटचं बघू, कारण त्या एका आकड्याने तुला गुन्हेगार करून टाकलंय. केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतं. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण हाडांच्या आत रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच. त्यात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचं आयुष्य फारच थोडं, त्यामुळे नव्या बनणं मंदावलं की तुटवडा लगेच दिसतो. केमोनंतर साधारण ७व्या ते १४व्या दिवसापर्यंत काउंट सगळ्यात खाली जातात, मग हळूहळू सावरतात. कधी सावरायला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून केमो लांबते. तुझ्या शेजारच्या खुर्चीत पक्का नास्तिक बसला असेल, तर त्याचीही अशीच लांबते.

झोपेचंही तसंच. उलट्या होऊ नयेत म्हणून केमोबरोबर बहुतेक वेळा स्टेरॉइड देतात आणि ते डोळ्याला डोळा लागू देत नाही. तुला देत असतील तर गोळी सकाळी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचार. आणि शब्द विसरण्याला पेशंटमंडळींनी ‘केमो ब्रेन’ असं नावच ठेवलंय. कपाट उघडून ‘मी इथे कशाला आले होते?’ म्हणत तू उभी राहतच असशील. तेव्हा कुणी म्हणतं का, हिची कपाटावरची श्रद्धा उडाली?

प्रार्थनेने आजार बरा होतो का, हे शास्त्रज्ञांनी तपासूनही पाहिलंय. अमेरिकेत हृदयाच्या बायपासच्या १८०२ रुग्णांवर केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली आले. अनोळखी लोकांनी ज्यांच्यासाठी प्रार्थना केली, त्यांच्या प्रकृतीत काही फायदा दिसला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना होतेय हे ज्यांना पक्कं माहीत होतं, त्यांच्यातल्या ५९ टक्क्यांना गुंतागुंत झाली, बाकीच्यांत हे प्रमाण साधारण ५२ टक्के होतं. ‘माझ्यासाठी देवाला साकडं घालावं लागतंय, म्हणजे माझं एवढं वाईट आहे?’ या धास्तीनेही तसं झालं असेल, असं काहींना वाटलं. मी श्रद्धाळू बाई आहे, तरी हे वाचून मला हायसं वाटलं. औषधाने औषधाचं काम करावं, प्रार्थनेने तिचं. केमोचे निकाल लावायचं ओझं प्रार्थनेवर कशाला?

मग प्रार्थनेचं काम काय? माझ्या नवऱ्याच्या केमोच्या वेळची गोष्ट सांगते. रोज नेमाने प्रार्थना करणारा माणूस, दुसऱ्या केमोनंतर पुस्तक बाजूला ठेवून भिंतीकडे तोंड करून झोपला. चार दिवसांनी म्हणाला, “तूच वाच. मी ऐकतो.” तेव्हा माझा फारसा विश्वास नव्हता, पण वाचायला लागले. सलाइनचा थेंब पडायचा, मी एक ओळ वाचायचे, आणि तिसऱ्या ओळीला हा घोरायला लागायचा. मी थांबले की डोळे न उघडता म्हणायचा, “का थांबलीस?” त्याची प्रार्थना तेवढीच होती. पुढे त्याचं काय झालं हे मुद्दाम सांगत नाही. तू लगेच तुझ्याशी ताडून बघशील आणि आजार कुणाचे सारखे नसतात.

तेव्हा शब्द आठवत नसतील तर सोडून दे. ज्याचा आवाज तुला आवडतो त्याला वाचायला सांग, मध्येच झोप लागली तर लागू दे. पत्रात खाडाखोड केलेल्या एका ओळीत देवावर रागही आलाय असं दिसतं. खोडायची काही गरज नव्हती. कुठल्याही धर्माची जुनी पानं चाळ, देवाशी कचाकचा भांडणारे भक्त सापडतील. जो नाहीच असं वाटतं, त्याच्याशी कुणी भांडत नाही.

आणि ‘पॉझिटिव्ह राहा’चा जो मारा चाललाय ना, त्याला कॅन्सर रुग्णांच्या मनावर आयुष्यभर काम केलेल्या जिमी हॉलंड या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी सकारात्मक विचारांची जुलूमशाही म्हटलं होतं. रडू आलं तर रड, त्याने गाठ वाढत नाही. पण रडणं दिवसेंदिवस थांबतच नसेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना सांग. त्यावर उपचार आहेत. आशेची मुदत सध्या लहान ठेव, पुढच्या रक्ततपासणीपर्यंतची. पाचव्या केमोची आशा नंतर करू.

आता बहीण. ती घाबरलीय. तिच्या हातात करण्यासारखं काही नाही, म्हणून ती तुझ्या श्रद्धेची मोजदाद करतेय. तिला सांग, “माझी प्रार्थना सध्या तू कर, माझ्या वाट्याचीसुद्धा. पण मला मार्क देऊ नकोस.” ती तुला कडक उपास धरायला सांगतेय, तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरायचा नाही. आणि हे तिलाच पाठ करायला लाव: ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअसवर गेला, तर रात्रीचे कितीही वाजलेले असोत, आधी हॉस्पिटलला फोन. काउंट कमी असताना तापात तासन्‌तास वाट बघणं जिवावर बेतू शकतं. प्रार्थना तिथे जाताना गाडीत करता येते.

पुढच्या केमोला तिलाच बरोबर ने. थर्मामीटर, फाइल, पाण्याची बाटली, सगळं तिच्या हातात दे.

सोमवारी रक्त तपासणार आहेत असं लिहिलंयस. काउंट किती आले ते कळव, मी वाट बघतेय.

तुझी,
ताई